पावसाळ्यात उतरणारी बॅटरी

जुलै २०२४ चा पहिला आठवडा. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले एक निवृत्त शिक्षक माझ्या उद्यमनगरातल्या गॅरेजवर रिक्षानं आले. गाडी घरासमोर मेलेली, आणि काखेत एक वही. बसायच्या आधीच म्हणाले, "मेस्त्री, नवी बॅटरी घालायची नाही. आधीच सांगून ठेवतो. दोन घालून झाल्या."

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवरची बॅटरी. सरांनी ती फेब्रुवारी २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली. त्याच वर्षी पावसाळ्यात बॅटरी दोनदा उतरली. बॅटरी जुनीच होती, त्यामुळं ऑगस्टमध्ये नवी घातली आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं. जुलै २०२३ मध्ये ती नवीसुद्धा उतरायला लागली. दुकानदारानं दोन दिवस चार्जिंगला लावून "बॅटरी ओके आहे" म्हणून परत दिली. पुन्हा उतरली. मग दुसऱ्या दुकानातून दुसरी नवी. तिसऱ्या कुणीतरी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची, डायोड प्लेट बदलली. आणि जून २०२४ मध्ये परत तेच, सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टकटक, सेल्फ उचलायचं नाव नाही.

यातला एकही माणूस खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरलेली बॅटरी खरंच खराब होते. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते पुढं चार्जिंगला दाद देत नाही आणि बॅटरीची ताकद कमी होत जाते. त्यामुळं जो तपासेल त्याला बॅटरी कमजोर दिसणारच. ती कशानं कमजोर झाली, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि पुढं सांगतो, पहिल्या फेरीत मीसुद्धा नीट विचारलं नाही.

सरांच्या दारात जाऊन मीटर लावला तर ११.६ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास शांत ठेवल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. बॅटरीवरच्या काचेच्या डोळ्यात मात्र हिरवं दिसत होतं. त्या डोळ्यावर फार भरवसा ठेवू नका. आत सहा सेल असतात आणि तो डोळा एकाच सेलचं सांगतो.

जंप देऊन गाडी गॅरेजला आणली. बॅटरी काढून रात्रभर सावकाश चार्ज केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बसवून नेहमीच्या तपासण्या घेतल्या. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.१ पर्यंत खाली आलं. साडेनऊच्या वर राहिलं तर मी हरकत घेत नाही. इंजिन चालू असताना १४.२, हेडलाइट, एसी आणि ब्लोअर सगळं लावून १३.९. मीटर एसी व्होल्टवर टाकून डायोड बघितले, तिथंही काही गळती नाही. अर्थची पट्टी बॉडीला आणि इंजिनला घट्ट. म्हणजे भरणं व्यवस्थित होतं. राहिला एकच प्रश्न, गाडी बंद असताना करंट कोण खातंय?

इथं माझ्याकडच्या पोरानं एक गंमत केली. त्यानं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून सिरीजमध्ये जोडला आणि ओरडला, "अण्णा, पावणेतीन अँपिअर खातंय की वो!" दरवाजा उघडा, टर्मिनल नुकतंच परत जोडलेलं, गाडीतली सगळी कंट्रोल युनिट जागी झालेली. अशा वेळी तेवढा करंट कुठलीही धडधाकट गाडी घेते. दरवाजे बंद करायचे, किल्ली लांब ठेवायची आणि वाट बघायची. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना पाऊण तास लागतो. आम्ही दोन चहा घेतले. चाळीस मिनिटांनी आकडा ०.२१ वर येऊन थांबला.

झोपलेल्या गाडीनं ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये. घड्याळ, रिमोटचं रिसिव्हर आणि इंजिनच्या युनिटची आठवण टिकवायला तेवढं पुष्कळ झालं. एकेक फ्यूज काढत गेलो. रेडिओचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा ०.०३.

स्टिअरिंगशेजारी मोठा अँड्रॉइड स्क्रीन होता. पॅनल काढून बघितलं तर स्क्रीनची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून बॅटरीच्या कायमच्या लाइनवर टाकलेली. पिवळी वायर कायम करंटची, सेटिंग लक्षात राहावी म्हणून. लाल वायर किल्लीवर जायला पाहिजे, गाडी जागी आहे की झोपली ते तिच्यावरून स्क्रीनला कळतं. दोन्ही एकत्र केल्या की बटण दाबून पडदा काळा होतो, पण आतलं यंत्र चालूच राहतं. एकट्या स्क्रीनचे ०.१८ अँपिअर, म्हणजे दिवसाला सव्वाचार अँपिअर-अवर. चार दिवसांत ३५ ची बॅटरी निम्म्यावर.

लाल वायर किल्लीच्या लाइनवर घेतली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली. मीटरवर ०.०३. मी सरांना फोन करून सांगितलं, "सर, सापडलं. न्या गाडी."

अकरा दिवसांनी सरांचा फोन. आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. "मेस्त्री, गाडी पुन्हा बंद. आजच्या तारखेला नोंद केलीय."

या धंद्यात २६ वर्षं झाली तरी एक खोड माझी जात नाही. चूक सापडली की मला तीच चूक वाटते. सापडली होती ती चूक खरीच होती. पण तो स्क्रीन बसवला कधी, हे विचारायचं राहिलं होतं. आता विचारलं. सर म्हणाले, "पुतण्यानं बसवून दिला की, या मे महिन्यात." मग २०२२ आणि २०२३ च्या पावसाळ्यात बॅटरी कुणी उतरवली?

त्या दिवशी ती वही मी पहिल्यांदा उघडली. सर गणिताचे. पेट्रोल, हवा, पंक्चर, टोल, सगळं तारीखवार. 'गाडी चालू झाली नाही' अशा नोंदींवर मी पेन्सिलनं खुणा करत गेलो. तीन वर्षांत नऊ. नऊच्या नऊ जून ते सप्टेंबरमधल्या. ऑक्टोबर ते मे एकही नाही. एवढ्यावर म्हणता आलं असतं की पावसात गाडी कमी फिरते, छोट्या फेऱ्या होतात, वायपर आणि लाइट चालू असतात, बॅटरी भरत नाही. बरेच जण तसंच सांगतात. पण जानेवारी २०२३ ची एक ओळ होती: 'पुण्याहून परत. गाडी १८ दिवस उभी. एका सेल्फमध्ये चालू.' अठरा दिवस! गळती असती तर चौथ्या-पाचव्या दिवशीच बॅटरी बसली असती. म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्यात ही गाडी काही खात नव्हती. खायची ती फक्त पावसात.

छोट्या फेऱ्यांच्या त्या समजुतीबद्दल सांगतो. सेल्फ मारायला खूप बॅटरी जाते असं आपण धरून चालतो. करंट मोठा असतो हे खरं, धरा १५० अँपिअर, पण वेळ किती? दोन सेकंद. हिशेब केला तर ०.०८ अँपिअर-अवर. पुढं मला जी गळती सापडली ती दिवसाला नऊच्या वर होती. म्हणजे गाडी नुसती उभी राहून रोज शंभरावर सेल्फ मारल्याइतकं गमावत होती. मंडईपर्यंत जाऊन आल्यानं बॅटरी मरत नाही.

वहीत आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडं लक्ष गेलं ते सरांनी तो खर्च लाल शाईनं लिहिला होता म्हणून. 'रिमोटचा सेल बदलला.' ऑगस्ट २०२२. जुलै २०२३. परत जुलै २०२४, म्हणजे परवाच. मी म्हटलं, "सर, हा सेल तीन-तीन वर्षं जातो. तुम्ही दर पावसाळ्यात का बदलता?"

"पावसात रिमोट लागत नाही हो. दाबलं की नुसतं टुकटुक करतं, लॉक होत नाही. मग किल्लीनं लावतो. नवा सेल घालूनही तसंच. पाऊस थांबला की आपोआप लागतो."

रिमोटचा सेल संपला असता तर गाडीनं टुकटुक तरी कशाला केलं असतं? गाडीला रिमोट ऐकू येत होता, ती लॉक व्हायला नकार देत होती. या जातीच्या गाड्या एकाच कारणानं नकार देतात. त्यांना वाटतं, दरवाजा उघडा आहे. आणि दरवाजा उघडा वाटला की लॉक आणि आतले दिवे सांभाळणारं बॉडी कंट्रोलचं युनिट झोपत नाही. आतला दिवा काही मिनिटांनी विझतो, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

मला हे पहिल्या फेरीत का दिसलं नाही, तेही समजलं. एक तर गाडी माझ्या शेडखाली कोरडी उभी होती. दुसरं म्हणजे मी बॅटरी काढली होती. टर्मिनल काढून परत लावलं की युनिटं पहिल्यापासून सुरू होतात, आणि अडकून बसलेलं काही असेल तर तेही सुटतं. मेलेली बॅटरी चार्ज करण्याच्या नादात आपणच पुरावा पुसून टाकतो.

म्हणून या खेपेला वेगळं ठरवलं. सरांना सांगितलं, "बॅटरी मी भरून देतो. चांगला पाऊस लागू दे. त्या रात्री गाडी लावताना बॉनेटचा खटका ओढून ठेवा, पण बॉनेट उचलू नका. सकाळी दरवाजाला हात लावायचा नाही. मला फोन करा." खटका आदल्या रात्री अशासाठी, की तो ड्रायव्हरच्या पायाशी असतो. सकाळी ओढायचा तर दरवाजा उघडावा लागणार आणि गाडी जागी होणार.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पावसानं धुमाकूळ घातला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं निघालेली, आणि सकाळी सहाला सरांचा फोन. मी रेनकोट घालून पोचलो. गाडी घरासमोरच्या गुलमोहराखाली निथळत उभी. काकूंनी मला दारातच चहाचा कप दिला आणि छत्री धरायला सर स्वतः आले.

या वेळी वायर सोडवली नाही. निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावला. साधा क्लॅम्प मीटर इतका बारीक करंट धरत नाही. हा मी मुद्दाम घेतलेला, १० मिलिअँपिअरपर्यंत सांगणारा, पण दर वेळी शून्यावर आणूनच वापरावा लागतो. आकडा आला ०.४१. रात्रभर उभी असलेली, कुलूप लावलेली गाडी. सरांनी छत्री एका हातात धरून दुसऱ्या हातानं वहीत आकडा लिहिला.

आता फ्यूज उपटायचे नव्हते. फ्यूज काढला की त्या लाइनवरचं युनिट परत लावताना जागं होतं आणि सगळा खेळ पहिल्यापासून. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. करंट वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानानं १३० मिलिअँपिअर. बॉनेटखालचे सगळे बघून आत गेलो. दरवाजा उघडावा लागला, पण गाडी तशीही जागीच होती. दरवाजाच्या खांबावरचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं, पुन्हा ०.४१ वर येईपर्यंत थांबलो. आतल्या दिव्यांच्या आणि बॉडी युनिटच्या फ्यूजवर २.९ मिलिव्होल्ट. बाकी जवळजवळ सगळे शून्य.

किल्ली फिरवली. चारी दरवाजे बंद, तरी डॅशबोर्डवर उघड्या दरवाजाचं लाल चिन्ह. सर म्हणाले, "हे पावसात असतंच." मी काही बोललो नाही.

दरवाजांच्या खांबावर जी दाबाची बटणं असतात, ती एकेक सोडवली. चिन्ह जाईना. म्हणजे बटणं निर्दोष, वायर दोषी. या गाडीत दरवाजा उघडला की ते बटण आपली वायर बॉडीला टेकवतं आणि युनिटला कळतं. वाटेत कुठंही ती वायर ओलीनं बॉडीला लागली तरी युनिटच्या लेखी दरवाजा उघडाच.

ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट दाबलं तर पाणी वर आलं. खालचा फोम स्पंजासारखा भिजलेला.

कोल्हापुरात भिजलेलं कार्पेट बघितलं की पहिला विचार महापुराचाच येतो. २०१९ नंतर आणि परत २०२१ नंतर पाण्यात बसलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, गाडी पुरातली तर नव्हे?" सरांचा चेहरा उतरला. मग तेही तपासलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. पुरातल्या गाडीच्या बेल्टवर आत गुंडाळलेल्या भागात गाळाची रेघ सापडते, ती कुणी धूत नाही. नव्हती. सीटच्या रुळाखाली, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात, डॅशबोर्डच्या आतल्या पट्ट्यांवर, कुठंही गाळ नाही. पाणी पुराचं नव्हतं, रोजच्या पावसाचं होतं.

कार्पेट उचललं. उंबरठ्यालगत वायरिंगचा जुडगा जातो, त्यात वायरी जोडायचा एक पांढरा कपलर पाण्यात लोळत पडलेला. उघडला तर आत हिरवा कळंक, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखा. दरवाजाच्या वायरीची पिन आणि शेजारची अर्थची पिन त्या हिरव्या राडीनं एकमेकींना चिकटलेल्या. मीटर लावला तर दोन्हींमध्ये जेमतेम ३०० ओहम. तिथं अटकाव अनंत पाहिजे. काकूंचा केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला, पाच मिनिटं वारा दिला, आणि आकडा चढत चढत लाखावर गेला. उन्हाळ्यात गाडी का खात नव्हती, त्याचं उत्तर सरांच्या डोळ्यांदेखत मीटरवर उमटलं. कपलर उघडा ठेवून गाडी बंद केली. काही मिनिटांत क्लॅम्प मीटर ०.०३ वर.

पाणी कुठून येतं ते शोधायला अर्धा तास लागला. वायपरचे दांडे काढून काचेखालची प्लॅस्टिकची जाळी उचलली. त्या पन्हाळीत गुलमोहराची बारीक पानं कुजून काळा चिखल झालेला, एक घमेलं निघेल इतका. निचऱ्याचं भोक बंद. पन्हाळ भरली की पाणी वायरिंगच्या रबरी बुचाशेजारून आत, आणि तिथून सरळ ड्रायव्हरच्या पायाशी. एक तांब्याभर पाणी ओतून सरांना दाखवलं. थेंब पडताना बघून ते झाडाकडं वळले आणि म्हणाले, "हा मी लावलाय. ९६ साली."

दुरुस्ती मोठी नव्हती. कपलर कापून टाकला, वायरी सोल्डर करून स्लीव्ह चढवल्या आणि जुडगा जमिनीपासून वर बांधला. रबरी बूच साफ करून कडेनं सीलंट भरलं, पन्हाळ मोकळी केली. कार्पेट मात्र वाळता वाळेना. पावसाळ्यात फोम वाळवणं म्हणजे शिक्षाच, दोन दिवस पंख्यासमोर टांगला. मग गॅरेजवर नळीनं अर्धा तास काचेवर पाणी सोडलं, गाडी रात्रभर ठेवली. सकाळी ०.०३. तरी या खेपेला "न्या गाडी" म्हटलं नाही. आणखी तीन दिवस उभी ठेवून बघितली, तेव्हा १२.५ व्होल्ट आणि एका सेल्फमध्ये चालू. रिमोटनं लॉकही झाली. पहिल्या खेपेचे पैसे मी दुसऱ्या बिलातून वजा केले. सर नको म्हणत होते, पण ती तपासणी अर्धवट होती.

ऑगस्ट २०२२ मध्ये घातलेली पहिली नवी बॅटरी सरांनी मोडीत न घालता जिन्याखाली ठेवली होती. मी ती आणून सावकाश चार्ज केली. गाडी उचलण्याइतका जीव तिच्यात राहिला नाही. गॅरेजमधला रेडिओ आणि एक दिवा ती अजून चालवते.

गुलमोहर तसाच आहे. सर दर रविवारी जुन्या टूथब्रशनं पन्हाळ साफ करतात आणि वहीत नोंद करतात. दिवाळीच्या आधी त्यांनी स्वतःचा एक मल्टिमीटर घेतला, आणि तेव्हापासून रोज सकाळी बॅटरीचं व्होल्टेज लिहायला लागले. १२.५८, १२.५५, १२.५७. कमी दिसलं की मला फोन. मी सांगायचो, रात्री थंडी होती सर, राहू द्या.

मार्चमध्ये एकदा घाबऱ्या आवाजात फोन आला. "मेस्त्री, रात्रभर उभी गाडी, आणि १३.९ दाखवतंय! इंजिन बंद असताना! चढलं कसं?"

उभ्या बॅटरीत एवढं व्होल्टेज राहूच शकत नाही. मी विचारलं, "सर, मीटरच्या पडद्यावर कोपऱ्यात बॅटरीचं छोटं चित्र आलंय का?"

जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "आलंय."

"मीटरमधली ९ व्होल्टची उतरलीय. ती बदला."